मेन्यूबारमधल्या आपल्या आयटमला चिन्ह आणि आयकॉन कसा लावायचा

मॅकच्या मेन्यूबारमध्ये, म्हणजे पडद्याच्या वरच्या पट्टीत, स्वतःचा आयटम बसवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली, की बॅटरी, तापमान, सर्व्हरची स्थिती, काय हवं ते वर दिसायला लागतं. गाडी अडते ती आयकॉनपाशी. तो दुप्पट मोठा दिसतो, काळा चौकोन होऊन बसतो, किंवा वॉलपेपर बदलला की दिसेनासा होतो. पहिल्या तक्रारीचं कारण डीपीआय, म्हणजे चित्राच्या फाइलमध्ये नोंदलेला इंचामागे ठिपक्यांचा आकडा. त्याकडे पुढे येऊ. उरलेल्या दोन्हींचं मूळ एकच आहे. मेन्यूबारमध्ये आयकॉनचा आकार तुमचा असतो आणि रंग सिस्टिमचा. ही वाटणी पाळली, तर निम्म्याहून जास्त कटकटी उद्भवतच नाहीत.

रंग सिस्टिमवर का सोडायचा? २०२० साली आलेल्या बिग सर या मॅकओएसच्या आवृत्तीपासून मेन्यूबारवरची अक्षरं काळी की पांढरी, हे मागच्या वॉलपेपरवरूनही ठरतं. लाइट मोड चालू असला तरी वॉलपेपर गडद असेल तर अक्षरं पांढरी होतात. दोन पडदे जोडलेले असतील आणि दोन्हींवर वेगळे वॉलपेपर असतील, तर एकाच क्षणी तुमचा तोच आयकॉन एका पडद्यावर काळा आणि दुसऱ्यावर पांढरा दिसायला हवा. एकच रंग ठरवून टाकलेल्या चित्राला हे जमणं शक्य नाही. टेम्प्लेट चित्राला, म्हणजे ज्यात फक्त आकार असतो आणि रंग सिस्टिम भरते अशा चित्राला, ते आपोआप जमतं.

आधी साधन ठरवा

स्क्रिप्टचा आउटपुट वर दाखवायचा असेल, तर स्विफ्टबार आणि एक्सबार ही दोन मोफत साधनं आहेत. दोन्हींची पद्धत जुन्या बिटबारवरून आलेली आहे. फोल्डरमध्ये स्क्रिप्ट ठेवायची, तिच्या फाइलच्या नावातच ती किती वेळाने चालवायची ते लिहायचं, आणि ती जे छापेल ते मेन्यूबारमध्ये येतं. --- या तीन रेघांच्या आधीचा मजकूर वर बारमध्ये दिसतो, नंतरचा खाली उघडणाऱ्या यादीत. ओळीच्या शेवटी | ही उभी रेघ टाकून पुढे पॅरामीटर, म्हणजे ती ओळ कशी दाखवायची याच्या सूचना, द्यायचे. आयकॉनच्या बाबतीत मात्र दोघांत मोठा फरक आहे: ॲपलची तयार चिन्हं, म्हणजे एसएफ सिम्बॉल्स, नुसतं नाव लिहून वापरायची सोय स्विफ्टबारमध्ये आहे, एक्सबारमध्ये चित्रच द्यावं लागतं. तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल आणि तुमचं मॅकओएस बिग सर किंवा त्यापुढचं असेल, तर या एका कारणासाठी स्विफ्टबार घ्या.

लुआ ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर हॅमरस्पून हे साधन उत्तम. आणि स्क्रिप्ट वगैरे काहीच नको, एखादं काम एका क्लिकवर हवं, एवढीच गरज असेल तर बिग सरच्या पुढच्या मॉन्टेरी आवृत्तीपासून मॅकवर असलेलं शॉर्टकट्स ॲप पुरेसं आहे. त्यात शॉर्टकटच्या तपशिलात ‘पिन इन मेन्यू बार’वर खूण करायची, आणि नावाशेजारच्या आयकॉनवर क्लिक करून रंग आणि चित्र निवडायचं. तिथे बाहेरचं चित्र घालता येत नाही आणि सगळे शॉर्टकट एकाच मेन्यूखाली गोळा होतात. पण रोजच्या कामाला ते चालतं.

पुढे पॅरामीटर आणि चिन्हांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती त्यांच्या मूळ रोमन स्पेलिंगने, इंग्रजी अंकांसह (0 ते 9) टाइप करायची आहेत. बरोबरच्या चिन्हाच्या, म्हणजे = च्या, दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही.

अक्षरचिन्हं: सगळ्यात स्वस्त मार्ग

चित्राच्या मागे लागण्याआधी युनिकोडमधलं एखादं चिन्ह पुरतं का ते बघा. कंट्रोल, कमांड आणि स्पेसबार एकत्र दाबले की चिन्हांची खिडकी उघडते. तिथून निवडलेलं चिन्ह स्क्रिप्टमध्ये साध्या अक्षरासारखं चिकटवता येतं. मेन्यूबारसाठी खरोखर उपयोगी असलेले गट थोडे आहेत. भरलेलं आणि पोकळ वर्तुळ, ● आणि ○, चालू-बंद दाखवायला. अर्धी भरलेली वर्तुळं, ◐ ◓ ◑ ◒, काम चालू असल्याचं दाखवायला. आणि ▁▂▃▄▅▆▇█ ही आठ पायऱ्यांची मालिका, छोटा आलेख काढायला. शेवटची मालिका फारच कामाची आहे: प्रोसेसरचा भार शून्य ते शंभर असेल, तर त्याला १३ ने भागून पूर्णांक घ्या, ० ते ७ यांपैकी एक आकडा मिळतो, त्या क्रमांकाचा खांब छापा. शेवटची आठ मापं शेजारी शेजारी छापली, की अख्खा आलेख आठ अक्षरांत मावतो, आणि अक्षरंच असल्यामुळे त्याचा रंग बारच्या मजकुराबरोबर बदलतो.

इमोजी या गटातले नाहीत. ते रंगीत चित्र असतं. बारच्या रंगाशी त्याला देणंघेणं नसतं, आणि शेजारच्या एकरंगी आयकॉनांत ते एकटंच उठून दिसतं. इशारा द्यायचा असेल तेव्हा हा गुण आहे, दिवसभर तिथेच बसायचं असेल तेव्हा दोष.

इथे एक बारीक गोष्ट हमखास फसवते. सूर्य, ढग, विमान, धोक्याचा त्रिकोण अशा बऱ्याच चिन्हांना दोन रूपं असतात, एक अक्षराचं आणि एक इमोजीचं. एडिटरमध्ये सूर्य काळ्या रेघांचा दिसतो आणि मेन्यूबारमध्ये तोच पिवळाधमक होऊन उगवतो. उपाय म्हणजे चिन्हाच्या लगेच मागे व्हेरिएशन सिलेक्टर-१५ हे अदृश्य चिन्ह जोडायचं. ते ‘मला अक्षराच्या रूपात दाखव’ असं सांगतं. शेलमधल्या प्रिंटएफ आज्ञेत ते ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पायातल्या आकड्यांत, \३५७\२७०\२१६ असं लिहिता येतं. उलट, मुद्दाम इमोजीच हवा असेल तर सिलेक्टर-१६, म्हणजे शेवटचा आकडा २१६ ऐवजी २१७.

नर्ड फॉन्टसारख्या फॉन्टमधली चिन्हं टर्मिनलमध्ये दिसली म्हणून ती बारमध्ये दिसतील असं नाही. ती युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात असतात, त्यामुळे त्या ओळीला तोच फॉन्ट नेमून दिला नाही तर रिकामा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. नेमायचा तर ओळीच्या शेवटी फॉन्ट= आणि पुढे फॉन्टचं अचूक नाव. तुमची स्क्रिप्ट दुसऱ्याला देणार असाल तर हा मार्ग टाळा, कारण त्याच्याकडे तो फॉन्ट नसणार.

एसएफ सिम्बॉल्स

ॲपलने २०१९ साली ही चिन्हं आणली, आणि बिग सरपासून ती मॅकच्या सिस्टिममध्येच आहेत. आज त्यांची संख्या हजारांत आहे. नऊ जाडी आणि तीन मापं, आणि सगळ्यांची उंची सिस्टिमच्या सॅन फ्रान्सिस्को फॉन्टशी जुळवलेली. म्हणूनच ही चिन्हं मजकुराशेजारी ठेवली की वरखाली सरकवत बसावं लागत नाही. नावं शोधायला ॲपलचं एसएफ सिम्बॉल्स हे मोफत ॲप उतरवून घ्या. चिन्हावर क्लिक केलं की उजव्या बाजूला ते कोणत्या मॅकओएसपासून उपलब्ध आहे तेही दिसतं. ती ओळ वाचायची सवय लावून घ्या. तुमच्या सिस्टिमपेक्षा नवं चिन्ह मागितलं, तर चिन्ह नुसतं दिसत नाही, आणि माणूस तासभर स्पेलिंगची चूक शोधत बसतो.

स्विफ्टबारमध्ये दोन पद्धती आहेत. पहिली, आयटमला आयकॉन म्हणून लावायची:

सीपीयू ४२% | एसएफइमेज=सीपीयू

दुसरी, मजकुराच्या मधोमध, दोन अपूर्णविरामांच्या कोंदणात:

:बोल्ट.फिल: ८२% :वायफाय:

दुसऱ्या पद्धतीत एका ओळीत कितीही चिन्हं येतात. रंग द्यायचा असेल तर एसएफकलर, माप द्यायचं असेल तर एसएफसाइझ. चिन्हं अनेक असतील तर दुसऱ्या चिन्हासाठी एसएफकलर२, तिसऱ्यासाठी एसएफकलर३, असा क्रम चालतो.

या पद्धतीला एक दुखरी बाजू आहे. मजकुरात तुमचे स्वतःचे अपूर्णविराम असतील, तर दोन अपूर्णविरामांमधला शब्द चिन्हाचं किंवा इमोजीचं नाव समजला जाऊ शकतो. लॉगमधल्या ओळी किंवा पत्ते जसेच्या तसे छापणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे घडतं. अशा ओळींच्या शेवटी सिम्बोलाइझ=फॉल्स आणि इमोजाइझ=फॉल्स लिहून टाका.

स्थिती दाखवताना रंगाऐवजी आकार बदला. एसएफ सिम्बॉल्समध्ये त्याची तयारी आधीच करून ठेवलेली आहे. माइक आणि माइक.स्लॅश, वायफाय आणि वायफाय.स्लॅश, सर्कल आणि सर्कल.फिल, बॅटरी.२५ आणि बॅटरी.१००. हिरवा म्हणजे ठीक आणि लाल म्हणजे बिघाड, ही खूण रंग ओळखायला त्रास होणाऱ्यांना कळत नाही. स्लॅश सगळ्यांना कळतो. लाल रंग खऱ्या बिघाडासाठी राखून ठेवा. तो दिवसातून एखाद्या वेळीच दिसला तरच नजर तिकडे जाते.

दोन-तीन रंग एकाच चिन्हात हवे असतील, तर मॉन्टेरी आणि पुढच्या मॅकओएसवर एसएफकॉन्फिग हा पॅरामीटर आहे. त्याला जेसन, म्हणजे नाव-किंमत अशा जोड्यांत लिहिलेला मजकूर, द्यावा लागतो, आणि तोही बेस६४ मध्ये, म्हणजे कुठलीही माहिती साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, रूपांतर करून. जेसनमध्ये रेंडरिंगमोड, कलर्स, स्केल आणि वेट या चार गोष्टी सांगता येतात. हायरार्किकल मोडमध्ये एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा मिळतात, पॅलेटमध्ये तुम्ही दिलेले रंग थरांना क्रमाने लागतात. बारमध्ये हायरार्किकल शोभून दिसतो. पॅलेट खालच्या यादीसाठी ठेवा.

आणखी एक गोष्ट: ही चिन्हं ॲपलच्या परवान्याखाली आहेत. ॲपलच्या प्लॅटफॉर्मवरच्या ॲपमध्ये वापरायला हरकत नाही, पण स्वतःच्या ॲपचा लोगो म्हणून ती वापरता येत नाहीत.

स्वतः काढलेला आयकॉन

तयार चिन्हांत हवं ते मिळालं नाही, की स्वतः काढायची वेळ येते. कॅनव्हास ३६ बाय ३६ पिक्सेलचा घ्या. कडेने दोन पिक्सेल मोकळे सोडा, म्हणजे चित्राला ३२ पिक्सेल उरतात. रेघ तीन पिक्सेल जाडीची. रेटिना, म्हणजे दुप्पट दाट पिक्सेलच्या, पडद्यावर दोन पिक्सेलचा एक पॉइंट होतो, त्यामुळे याचं १८ पॉइंटच्या चौकटीत १६ पॉइंटचं चित्र आणि दीड पॉइंटची रेघ होते. शेजारच्या सिस्टिमच्या आयकॉनांशी ते जुळतं. उभ्या-आडव्या रेघांच्या कडा पिक्सेलच्या चौकटीवर अचूक टेकवा. अर्धा पिक्सेल इकडेतिकडे झाला तरी एवढ्या छोट्या मापात रेघ धुरकट दिसते.

रंग फक्त काळा. बाकी सगळं पारदर्शक. टेम्प्लेट चित्रातला रंग सिस्टिम बघतच नाही, ती फक्त कुठे किती अपारदर्शकता आहे ते बघते आणि तेवढ्या भागात स्वतःचा रंग भरते. नेमकं इथेच फसायला होतं. समजा लिफाफा काढलाय: काळी बाह्यरेषा आणि आत पांढरा रंग भरलेला. पांढऱ्या कागदावर तो अगदी झकास दिसतो. पण आतला पांढरा रंग अपारदर्शक आहे, म्हणून सिस्टिमच्या दृष्टीने बाह्यरेषा आणि आतला भाग यांत काही फरकच नाही. मेन्यूबारमध्ये लिफाफ्याचा ठोकळा होतो, झाकणाची तिरपी रेघसुद्धा गडप होते. पांढरा भाग भरायचा नसतो, तो कापून काढायचा असतो. त्याच कारणाने जेपीईजी इथे कधीच चालत नाही. त्यात पारदर्शकता साठवताच येत नाही, त्यामुळे अख्खा चौकोन रंगून निघतो. फाइल पीएनजीच हवी.

बंद स्थिती दाखवायची असेल, तर तोच आकार सुमारे ४० टक्के अपारदर्शकतेने वेगळ्या फाइलमध्ये साठवा. टेम्प्लेटमध्ये अर्धवट पारदर्शकता चालते, आणि असा फिकट आयकॉन काळ्या आणि पांढऱ्या दोन्ही बारवर शोभतो.

आता डीपीआय. चित्र किती पॉइंटचं दिसणार, याचं गणित सोपं आहे: पिक्सेल गुणिले ७२ भागिले डीपीआय. ३६ पिक्सेलचं चित्र १४४ डीपीआयवर असेल तर १८ पॉइंटचं दिसतं, बरोबर. तेच ७२ डीपीआयवर साठवलं असेल तर ३६ पॉइंटचं होतं आणि २४ पॉइंटच्या बारमध्ये मावत नाही. बहुतेक चित्र-साधनं ७२ वरच साठवतात, म्हणून ‘आयकॉन दुप्पट आला’ ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते. प्रिव्ह्यूमध्ये टूल्स मेन्यूतल्या ‘ॲडजस्ट साइझ’मध्ये जाऊन रिझोल्यूशन १४४ करा, पण आधी ‘रिसॅम्पल इमेज’वरची खूण काढा, नाहीतर पिक्सेलची संख्याही बदलेल. बऱ्याच फाइली असतील तर टर्मिनलमधली सिप्स ही आज्ञा हेच काम करते. तिला डीपीआयविड्थ आणि डीपीआयहाइट असे दोन्ही गुणधर्म द्यावे लागतात.

यानंतर चित्राचं बेस६४ मजकुरात रूपांतर. मॅकवरची बेस६४ ही आज्ञा सगळा मजकूर एका ओळीत देते. तो पीबीकॉपीकडे वळवला की थेट क्लिपबोर्डवर येतो. मग ओळ अशी होते:

| टेम्प्लेटइमेज=बेस६४चा लांबलचक मजकूर

या पॅरामीटरच्या रोमन स्पेलिंगमध्ये ‘इमेज’चं पहिलं अक्षर मोठं लिहायचं. उभ्या रेघेच्या आधी मजकूर नसला तरी चालतो, बारमध्ये नुसता आयकॉन दिसतो. इमेज नावाचाही पॅरामीटर आहे. तो चित्राचे रंग तसेच ठेवतो, म्हणून खालच्या यादीत एखाद्या रंगीत लोगोसाठी तो वापरा, वर बारमध्ये नको.

बेस६४चा मजकूर मध्येच तुटला तर काय होतं, ते एकदा समजून घेतलेलं बरं. लिनक्सवरची बेस६४ आज्ञा दर ७६ अक्षरांनी ओळ तोडते, ओपनएसएसएलची ६४ अक्षरांनी. बारसाठी मात्र प्रत्येक ओळ म्हणजे नवा आयटम, आणि तीन रेघांच्या आधी अनेक ओळी असल्या की त्या आळीपाळीने वर दाखवल्या जातात. मग आयकॉनच्या जागी काही सेकंदांनी बदलणारी अगम्य अक्षरं दिसायला लागतात. हे लक्षण दिसलं, की दुसरं काही तपासू नका, मजकूर एका ओळीत आणा. लिनक्सवर त्यासाठी डब्ल्यू हा पर्याय शून्य करायचा, ओपनएसएसएलमध्ये मोठ्या A या अक्षराचा पर्याय द्यायचा, किंवा टीआर आज्ञेने ओळतोड काढून टाकायची.

बेस६४मुळे फाइल सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. ३६ पिक्सेलच्या एकरंगी चित्राला त्याचं काही वाटत नाही. पण ५१२ पिक्सेलचा लोगो तसाच कोंबला आणि स्क्रिप्ट दर सेकंदाला चालत असेल, तर तेवढा मजकूर दर सेकंदाला वाचून त्याचं चित्र बनवावं लागतं. माप कमी करूनच रूपांतर करा.

चित्रांच्या मूळ फाइली प्लगइनच्या, म्हणजे स्क्रिप्टच्या, फोल्डरमध्ये ठेवू नका. तिथली प्रत्येक फाइल प्लगइनच आहे असं स्विफ्टबार धरून चालतो, आणि पीएनजी चालवायचा प्रयत्न करून बारमध्ये इशाऱ्याचा आयटम उभा करतो. आयकॉनांसाठी वेगळा फोल्डर करा, आणि स्क्रिप्टमधून त्याचा पूर्ण पत्ता द्या.

स्वतःचं ॲप लिहीत असाल तर

स्विफ्ट या ॲपलच्या प्रोग्रामिंग भाषेत एनएसस्टेटसबारकडून आयटम मागायचा, त्याच्या बटणाला इमेज द्यायची आणि त्या इमेजचा इझटेम्प्लेट हा गुणधर्म ट्रू करायचा. चित्राच्या नावाचा शेवट टेम्प्लेट या शब्दाने केला, तर सिस्टिम ते आपणहूनच टेम्प्लेट मानते. ॲसेट कॅटलॉगमध्ये ‘रेंडर ॲज’च्या पुढे ‘टेम्प्लेट इमेज’ निवडलं तरी तेच. साध्या पडद्यासाठी १८ पिक्सेल आणि रेटिनासाठी ३६ पिक्सेल अशी दोन्ही चित्रं द्या, किंवा एकच पीडीएफ देऊन व्हेक्टर जपण्याचा पर्याय चालू करा. साधा बाहेरचा मॉनिटर वापरणारे लोक अजून भरपूर आहेत, आणि त्यांच्याकडे ३६ चं चित्र आखडून १८ केलं की दीड पॉइंटची रेघ फिसकटते. १८ चं चित्र स्वतंत्र काढलं तर रेघ एक किंवा दोन पिक्सेलची ठरवता येते.

आयकॉन क्षणभर चमकून नाहीसा होत असेल, तर स्टेटसआयटम एखाद्या फंक्शनमधल्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असतो. फंक्शन संपलं की तोही जातो. तो ॲप डेलिगेटचा गुणधर्म म्हणून धरून ठेवा.

स्विफ्टयूआयमधलं मेन्यूबारएक्स्ट्रा मॅकओएस १३ पासून आहे. त्याला चिन्हाचं नाव दिलं की काम होतं. स्वतःचं चित्र द्यायचं असेल तर फ्रेम किंवा रिसायझेबल लावून माप बदलत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. एनएसइमेजचं साइझ १८ बाय १८ करून मगच ते आत द्या.

एसएफ सिम्बॉल मागताना ॲक्सेसिबिलिटी डिस्क्रिप्शनची जागा रिकामी सोडू नका. पडद्यावरचं वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर वापरणाऱ्या व्यक्तीला तुमच्या आयकॉनबद्दल तेवढंच कळतं. आणि तिथे आकाराचं वर्णन नको, अर्थ हवा: ‘त्रिकोणात उद्गारचिन्ह’ न लिहिता ‘बॅकअप अडला आहे’ असं लिहा.

हॅमरस्पूनमध्ये सेटआयकॉन या फंक्शनला दिलेलं चित्र मुळात टेम्प्लेटच धरलं जातं. रंगीत हवं असेल तर दुसरी किंमत फॉल्स द्यायची. कीबोर्डवरच्या अक्षरांतून ओबडधोबड आयकॉन रेखाटण्याचीही सोय त्यात आहे. छोट्या साधनाला तेवढं पुष्कळ होतं.

खालची यादी आणि वरची रुंदी

खाली उघडणाऱ्या यादीत एका गटातल्या सगळ्या ओळींना आयकॉन द्या, नाहीतर कुणालाच देऊ नका. काही ओळींना असला आणि काहींना नसला की मजकुराची डावी कड वाकडीतिकडी होते. एसएफ सिम्बॉल्सची रुंदीही सारखी नसते, तेव्हा एका गटात शक्यतो वर्तुळात बसवलेली चिन्हं घ्या, जसं चेकमार्क.सर्कल. त्यांची रुंदी जुळते. यादीतल्या स्वतःच्या चित्रांसाठी १६ पॉइंट हे माप पुरे.

वरच्या आयटमची रुंदी मात्र जास्त जपावी लागते. मेन्यूबारचे आयटम उजवीकडून लागत येतात, म्हणून तुमचा आयटम रुंदावला की त्याच्या डावीकडचे सगळे सरकतात. ९% चं १०% झालं, की अर्धा बार हलतो, आणि दर दोन सेकंदांनी हे होत राहिलं तर काम करणं अशक्य होतं. आकड्यांना मेन्लोसारखा समान रुंदीचा फॉन्ट द्या, आणि एकअंकी संख्येच्या आधी फिगर स्पेस टाका. ही जागा बरोबर एका अंकाएवढी रुंद असते, ऑक्टलमध्ये \३४२\२००\२०७. ओळीच्या सुरुवातीची जागा छाटली जाऊ नये म्हणून ट्रिम=फॉल्सही लिहा. स्विफ्टमध्ये यासाठी समान रुंदीच्या अंकांचा सिस्टिम फॉन्ट वेगळा मागता येतो. चालू आणि बंद स्थितीची चिन्हंही शक्यतो सारख्या रुंदीची निवडा. आणि बारमध्ये मराठी मजकूर ठेवणार असाल तर तो एका शब्दाचा ठेवा, कारण चिन्हांची उंची रोमन मोठ्या अक्षरांशी जुळवलेली असते, मात्रा-वेलांट्यांशी नाही. लांब मजकुराशेजारी चिन्ह खुजं दिसतं.

लिनक्सवर

जीनोम या डेस्कटॉपसाठी आर्गोस नावाचं एक्स्टेन्शन आहे. त्याची लिहिण्याची पद्धत बिटबारसारखीच, फक्त तयार आयकॉनसाठी आयकॉननेम हा पॅरामीटर वापरायचा आणि त्यात सिस्टिमच्या आयकॉन थीममधलं नाव द्यायचं. नावाच्या शेवटी -सिम्बॉलिक असलेला आयकॉन निवडा. मॅकच्या टेम्प्लेटचं काम इथे तो करतो: पॅनेलच्या मजकुराचा रंग घेतो. स्वतःचा आयकॉन हवा असेल तर १६ बाय १६ चं एकरंगी एसव्हीजी काढा आणि फाइलच्या नावाचा शेवट तसाच ठेवा.

तरीही दिसत नसेल तर

टर्मिनलमध्ये स्क्रिप्ट नीट चालते, बारमध्ये मात्र आयकॉनच्या जागी काही येत नाही, असं असेल तर आधी पाथ, म्हणजे आज्ञा कोणत्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी, तपासा. बारमधून चालणाऱ्या स्क्रिप्टला तुमच्या टर्मिनलचा पाथ मिळत नाही. होमब्रू या साधनं बसवून देणाऱ्या प्रोग्रामने बसवलेलं एखादं साधन चित्र बनवत असेल तर त्याचा पूर्ण पत्ता लिहा. ॲपल सिलिकॉनवर आणि इंटेलवर होमब्रूचं फोल्डर वेगळं असतं, हेही ध्यानात ठेवा. चिन्हांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा विचित्र अक्षरांची रांग येत असेल तर लँग हे व्हेरिएबल स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच यूटीएफ-८ वर ठरवून टाका.

ओळ अर्धीच दिसते आणि आयकॉन गायब, असं झालं तर मजकुरात उभी रेघ आलेली असते. गाण्याचं नाव किंवा वेबपानाचं शीर्षक छापताना हे सर्रास घडतं. रेघेनंतरचं सगळं पॅरामीटर समजलं जातं. छापण्याआधी मजकुरातली | बदलून तिथे डॅश टाका.

रंगाचं भांडण चालूच असेल, तर बहुतेक स्क्रिप्ट लाइट-डार्क मोड बघून स्वतः रंग ठरवत असते. स्विफ्टबार ओएस_अपिअरन्स या व्हेरिएबलमध्ये मोड सांगतो, आणि कलरला स्वल्पविराम देऊन दोन रंगही देता येतात, पहिला लाइटसाठी, दुसरा डार्कसाठी. पण मोड लाइट असताना गडद वॉलपेपरमुळे बार पांढऱ्या अक्षरांचा झालेला असू शकतो, आणि ते मोडवरून कळत नाही. तिथे रंगाचा पॅरामीटर काढून टाकून टेम्प्लेट किंवा साधं चिन्ह वापरणं हाच खरा उपाय.

आयकॉन तयार झाला की पाच ठिकाणी बघा: फिकट वॉलपेपरवर, गडद वॉलपेपरवर, डार्क मोडमध्ये, मेन्यू उघडलेला असताना, आणि जमलं तर साध्या, रेटिना नसलेल्या पडद्यावर. बहुतेक चुका पहिल्या दोनांतच उघड्या पडतात.

सगळं बरोबर असून आयटमच दिसत नसेल, आणि तुमच्या मॅकबुकच्या पडद्याला वर कॅमेऱ्याची खाच असेल, तर तो खाचेमागे गेलेला असू शकतो. बारमध्ये गर्दी झाली की मॅकओएस जास्तीचे आयटम काही न सांगता लपवतं. समोरचं ॲप बदलून कमी मेन्यू असलेलं ॲप पुढे आणा, किंवा एक-दोन आयटम तात्पुरते बंद करा. तुमचा आयटम दिसला की कमांड दाबून धरा आणि त्याला ओढत उजवीकडे, घड्याळाच्या जवळ आणून ठेवा.